फूट, बूट आणि बारा जोड्या: इंग्रजी यमकांच्या एका वर्कशीटचं प्रकरण

पेठेतली मराठी माध्यमाची शाळा, चौथीचा सेमी-इंग्रजी वर्ग. ‘रायमिंग वर्ड्स’च्या वर्कशीटवर बारा शब्द छापलेले आहेत आणि प्रत्येकासमोर यमक जुळणारा एक शब्द मुलांनी लिहायचा आहे. एका मुलीला १२ पैकी ७ गुण मिळतात. दुसऱ्या दिवशी डायरीतून वडिलांची चिठ्ठी येते: ‘बाई, शू आणि टू यांचं यमक जुळत नाही का? मग चूक का दिलं आहे?’ बाई वर्कबुकच्या मागची उत्तरसूची उघडतात. ‘शू’समोर तिथे ‘टो’ छापलेलं आहे, म्हणजे पायाचं बोट. दोन्ही शब्दांच्या शेवटी ‘ओ-ई’ ही अक्षरं येतात, तेवढ्यावर सूची करणाऱ्याने जोडी लावून टाकलेली. चिठ्ठीतली शंका रास्त होती.

पण त्याच कागदावर मुलीच्याही खऱ्या चुका आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ‘बरोबर’ म्हणून सुटल्या आहेत. असं वर्कशीट एकाच शाळेत निघतं असं नाही. शहरातल्या सेमी-इंग्रजी वर्गांत नेहमी दिसणारी उत्तरं एका पानावर आणून हे प्रकरण मांडलं आहे. इंग्रजी शब्द मराठीत छापतात तसेच दिले आहेत, घोटाळा होईल तिथे अर्थ सोबत. डावीकडे छापलेला शब्द, मग मुलीचं उत्तर, शेवटी बाईंचा शेरा:

कॅट – बॅट: बरोबर
पेन – रेन (पाऊस): चूक
फूट (पाऊल) – बूट: बरोबर
शू – टू (दोन): चूक
हॅपी – पपी: बरोबर
शिप (जहाज) – स्लीप: चूक
फूड – गुड: बरोबर
बर्ड – वर्ड: चूक
कम (ये) – होम: बरोबर
बेअर (अस्वल) – चेअर: चूक
सेड (म्हणाला) – पेड (पैसे दिले): बरोबर
कार – स्टार: बरोबर

इंग्रजी कानाने तपासलं तर यातल्या पाचच जोड्या जुळतात: कॅट–बॅट, शू–टू, बर्ड–वर्ड, बेअर–चेअर आणि कार–स्टार. बाकीच्या सात जुळत नाहीत. ७ च्या जागी ५ गुण, फरक दोनाचा, असं वरवर दिसतं. प्रत्यक्षात बारापैकी आठ ठिकाणी शेरा उलटा पडला आहे: पाच चुकीच्या जोड्यांना बरोबर मिळालं, तीन बरोबर जोड्यांना चूक. एकूण गुण पाहून हे कळणं शक्यच नव्हतं.

कसोटी कोणती

इंग्रजी यमकाची अट अशी. शब्दात जिथे शेवटचा मुख्य आघात पडतो, तिथल्या स्वरापासून शब्दाच्या अखेरीपर्यंत सगळे ध्वनी सारखे हवेत, आणि त्या स्वराच्या आधीचं व्यंजन वेगळं हवं. स्पेलिंगचा यात काही संबंध नाही. बर्ड, वर्ड, हर्ड (ऐकलं) आणि थर्ड यांच्या स्पेलिंगमध्ये स्वराच्या जागी तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत: ‘आय-आर’, ‘ओ-आर’, ‘ई-ए-आर’, पुन्हा ‘आय-आर’. उच्चारात एकच. उलट ‘ई-ए-आर’ ही तीन अक्षरं अस्वलात एक आवाज देतात, कानाला म्हणतात त्या इअरमध्ये दुसरा आणि हर्डमध्ये तिसरा. दुसऱ्या अटीमुळे सन (सूर्य) आणि सन (मुलगा) ही जोडी यमक ठरत नाही. आधीचं व्यंजनही तेच असल्याने तो एकाच उच्चाराचा दुसरा शब्द झाला. मुलं ही जोडी हमखास लिहितात. ती पूर्ण चूक धरू नये, पण ‘आता पहिला आवाज बदल’ असं सांगावं, म्हणजे रन, फन, वन (एक), डन येतात.

इंग्रजीला लिहायला स्वराक्षरं पाच, फार तर वाय धरून सहा. बोलण्यात मात्र दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात पाठ्यपुस्तकं वीस स्वर मोजतात, बारा साधे आणि आठ जोडस्वर. सहा अक्षरांनी वीस आवाज लिहायचे म्हटल्यावर ओढाताण होणारच. म्हणूनच ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी १९८२ मध्ये अक्षरांचा नाद सोडून २४ नमुनाशब्द ठरवून दिले: किट, ड्रेस, ट्रॅप, स्ट्रट, फ्लीस, फेस, गूस वगैरे. एखादा शब्द कोणत्या नमुन्यासारखा वाजतो तेवढं सांगायचं. त्या यादीत फूट (पाऊल) आणि गूस हे दोन स्वतंत्र नमुने आहेत. आपलं बूट गूसच्या गटात बसतं, फूट स्वतःच्या. या वर्कशीटवरची सर्वांत चिवट चूक तीच निघाली.

चूक एक नाही, तीन आहेत

‘हिला यमक कळत नाही’ हे निदान निरुपयोगी आहे. मूल यमक लावताना तीनपैकी कुठल्या तरी एका आधारावर उभं असतं: डोळ्याला दिसणारं स्पेलिंग, देवनागरीत लिहून ठेवलेला उच्चार किंवा मराठी कानाची सवय. या मुलीने तिन्ही वापरले आहेत, आणि एकेका जोडीत दोन-दोन मिसळले आहेत. कम–होम उघडच डोळ्याने लावलेली जोडी आहे, कारण मराठीत लिहा की बोला, कम आणि होम कुठेच जुळत नाहीत. पेन–रेन देवनागरीची, कारण स्पेलिंग अजिबात जुळत नाही. हॅपी–पपी मराठी यमकाची. पण फूड–गुड? शेवटी ‘डबल ओ-डी’ आहे म्हणून डोळ्यानेही जुळतं, आणि ऊ–उ मधला फरक न ऐकणाऱ्या कानालाही जुळतं. सेड–पेड तसंच: ‘ए-आय-डी’ सारखं, आणि देवनागरीतही ‘एड’ सारखं.

कागद पाहून हे सुटत नाही, तोंडी चाचणी घ्यावी लागते. पाच मिनिटं पुरतात. मुलासमोर काहीही लिहिलेलं नको. तीन शब्द म्हणायचे, दोन जुळणारे आणि एक न जुळणारा, आणि ‘कोणता वेगळा?’ एवढंच विचारायचं: होम, कम, कोम (कंगवा). मुलगी तात्काळ ‘कम’ म्हणाली तर तिचा कान शाबूत आहे, चूक फक्त कागदावरची. वुड, फूड, गुड यांत ती अडखळली किंवा ‘सगळे सारखेच’ म्हणाली तर चूक कानाची. या मुलीचं नेमकं असंच झालं. कम लगेच वेगळं काढलं, फूड काढता आलं नाही.

चाचणीत एक खाच आहे. शब्द म्हणणारी व्यक्ती स्वतः गुड आणि फूड एकाच लांबीत म्हणत असेल, तर मूल ‘सगळे सारखे’ म्हणतं ते बरोबरच असतं! बाईंनी किंवा आईने आपल्या तोंडून चाचणी घेण्यापेक्षा ऑनलाइन शब्दकोशातलं स्पीकरचं चिन्ह दाबून आवाज ऐकवावा. बहुतेक मोठ्या शब्दकोशांत ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन आवाज असतात. एका चाचणीत एकच वापरायचा, सरमिसळ नको.

डोळ्याची यमकं

राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे चौथीत येईतो मुलांनी कॅट-बॅट-हॅट-मॅट कितीदा तरी म्हटलेलं असतं. शेवटची अक्षरं सारखी तर आवाज सारखा, हा नियम त्यांना कुणी सांगितलेला नसतो, तो अशा याद्यांमधून आपोआप मनात बसतो. आणि त्या याद्यांपुरता तो खराही असतो. ‘ए-टी’, ‘आय-एन’, ‘आय-एन-जी’, ‘ई-एल-एल’, ‘ओ-सी-के’, ‘ए-के-ई’, ‘आय-जी-एच-टी’ ही कुटुंबं इमानदार आहेत. पहिली-दुसरीत त्यांच्यावर भर देणं योग्यच. बेइमान कुटुंबं मात्र त्याच पद्धतीने शिकवली की शू–टो होतं. वर्कशीट करणाऱ्याने निदान ही ओळखून ठेवावीत: ‘ओ-व्ही-ई’ (लव्ह, मूव्ह, ड्रोव्ह), ‘ओ-एम-ई’ (कम, होम), ‘ई-ए-डी’ (हेड, बीड), ‘ओ-डब्ल्यू’ (नाऊ, स्नो), ‘ओ-एस-टी’ (कॉस्ट, मोस्ट), ‘ई-ए-आर’, आणि ‘डबल ओ-डी’.

शेवटचं कुटुंब जरा उलगडून पाहण्यासारखं आहे, कारण तीन शब्दांत तीन आवाज: फूड, गुड, ब्लड. मध्ययुगीन इंग्रजीत या तिन्हींत लांब ‘ओ’ होता, म्हणून तर दोन ओ काढले. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले, त्यात हा ओ ‘ऊ’ झाला. ब्लडमधला ऊ लवकर ऱ्हस्व झाला, आणि सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये ऱ्हस्व उ-चा ‘अ’ होऊ लागला तेव्हा तोही त्या लाटेत गेला. गुड ऱ्हस्व झाला तो त्यानंतर, म्हणून तिथे उ टिकला. फूड ऱ्हस्व झालाच नाही. स्पेलिंग यांच्यामागे धावलं नाही, कारण विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणल्यावर ते हळूहळू गोठत गेलं. उत्तर इंग्लंडात उ-चा अ झालाच नाही, त्यामुळे तिकडच्या बोलीत ब्लड आणि गुड यांचं यमक आजही जुळतं. पुण्यातल्या चौथीच्या उत्तरसूचीला अर्थातच त्याचा आधार घेता येणार नाही.

कमची गोष्ट वेगळी. त्यात ओ कधी नव्हताच, जुन्या इंग्रजीतही तिथे ‘उ’ होता. हस्तलिखितांत यू, एम, एन, व्ही ही अक्षरं सारख्याच उभ्या काड्यांनी लिहीत. एकापाठोपाठ आली की वाचता येईनात, म्हणून लेखनिक यूच्या जागी ओ लिहू लागले, असं याचं रूढ स्पष्टीकरण आहे. कम, सम (काही), सन (मुलगा), लव्ह, डव्ह अशा शब्दांत ओ-च्या शेजारी नेमकी तीच अक्षरं दिसतात. होममध्ये मात्र पूर्वी लांब ‘आ’ होता, त्याचा ओ झाला. दोन शब्द दोन दिशांनी आले आणि एका स्पेलिंगपाशी थांबले. मुलांना इतिहास सांगायची गरज नाही, पण बाईंना तो ठाऊक असला की ‘इंग्रजीत काहीही चालतं’ हे वाक्य वर्गात उच्चारलं जात नाही.

उपाय सोपा आहे: डोळा बंद करायचा. सुमारे वीस चित्रकार्डं, पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची, ज्यांवर शब्द अजिबात लिहिलेला नाही. मुलाने चित्र बघून शब्द मोठ्याने म्हणायचा आणि जुळणारी कार्डं एकत्र ठेवायची. स्पेलिंग मागच्या बाजूला, आणि ते ढीग लावून झाल्यावरच उलटायचं. अस्वल आणि खुर्ची एका ढिगात आल्यावर मागे दोन वेगळी स्पेलिंगं दिसतात, ते मुलांना फारच आवडतं. पहिल्याच दिवशी स्पेलिंग दाखवलं तर सगळा खेळ पुन्हा डोळ्याकडे जातो.

देवनागरीने झाकलेला फरक

गाइडात, वहीच्या समासात, फळ्यावर इंग्रजी शब्दांचे उच्चार मराठीत लिहायची पद्धत आहे, आणि त्यात वाईट काही नाही. ॲ आणि ऑ ही दोन चिन्हं तर इंग्रजी शब्दांसाठीच रुळली आणि २००९ च्या शासन निर्णयाने वर्णमालेत अधिकृतपणे आली. त्यांच्यामुळे मराठी मूल बॅट आणि बेट यांत गोंधळत नाही, हा मोठा फायदा आहे. पण ए-ला असं दुसरं चिन्ह नाही. परिणामी लाल रंगाचं रेड आणि पोलिसांची रेड, विकणं म्हणजे सेल, दुकानातला सेल आणि घड्याळातला सेल, ओलं म्हणजे वेट आणि वजन म्हणजे वेट, हे सगळं एकच होऊन बसतं. पेन आणि रेनही त्यातलेच.

मूल चुकतं ते रेनमध्ये, असं सहसा समजलं जातं, आणि त्याला ‘रेइन’ म्हणायला शिकवतात. चूक पेनमध्ये आहे. रेनमधला स्वर सरळ लांब ए-ने म्हटला तरी चालतो. भारतीय इंग्रजीत तसाच म्हणतात आणि स्कॉटलंडमध्येही. अडचण ही की मराठीतला ए मुळात लांबच, त्यामुळे पेनही लांब होऊन रेनच्या शेजारी जाऊन बसतं. पेन आखूड हवं आणि तोंड किंचित जास्त उघडं हवं: ए म्हणायला सुरुवात करून ॲ-च्या दिशेने थोडं जायचं आणि लगेच ‘न’वर यायचं. पेन (लेखणी) हे लांब ए आणि पॅन (तवा) यांच्या मधोमध बसतं. मुलं पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत हमखास तव्यापर्यंत जातात. तेव्हा ‘अर्धं तोंड’ एवढी खूण पुरते, हातात छोटा आरसा असला तर आणखी बरं.

हे जमलं की सेड–पेड आपोआप सुटतं. सेड दिसायला ‘ए-आय’ असलं तरी आवाजाने बेड, रेड (लाल), हेड यांच्या गटातलं, म्हणजे आखूड. पेड लांब. समासात उच्चार लिहायचाच असेल तर लांबासाठी ‘पेऽड, रेऽन, गेऽट’ असा अवग्रह घालावा. आखूड तसाच ठेवावा. खूण कोणतीही चालेल, वर्षभर एकच हवी. एक शब्द मात्र अपवाद म्हणून सांगून ठेवावा: अगेन. ब्रिटिश उच्चारात तो पेनशीही जुळतो आणि रेनशीही, दोन्ही प्रचलित आहेत. कुणी काहीही लिहिलं तरी बरोबर द्यावं.

मराठी कान

हॅपी–पपी ही जोडी पाहून बाईंनाही खटकलं नाही, ते स्वाभाविक आहे. आपल्याकडे ओवीत, भोंडल्याच्या गाण्यांत शेवटचं अक्षर जुळलं की पुरतं. पी-ला पी मिळाला, झालं यमक. इंग्रजीत मोजणी मागून न होता आघातापासून होते. हॅपीत आघात ‘हॅ’वर, म्हणून तिथून पुढचं ‘ॲपी’ जुळायला हवं: स्नॅपी चालेल. पपीत ‘अपी’ आहे, ते बसत नाही. टाळीने हे एका तासात समजतं. शब्द म्हणताना जोराच्या अवयवावर टाळी, आणि टाळीपासून पुढचं सगळं जुळलं पाहिजे. बटर–कटर जुळतं, बटर–वॉटर नाही. गिटारमध्ये टाळी शेवटी पडते, म्हणून ते सरळ कारशी जुळतं. हॉटेल आपण ‘हॉ’वर जोर देऊन म्हणतो, इंग्रजीत जोर ‘टेल’वर, त्यामुळे तिथे ते बेलशी जुळतं. गाण्यात असा शब्द आला की पुण्यातल्या मुलांना ते यमक ऐकूच येत नाही.

आता उरली अवघड गोष्ट, शिप–स्लीप आणि फूट–बूट. शिप आणि स्लीप देवनागरीत वेगळे लिहिले जातात, पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी. म्हणजे इथे लिपीने मुलीला सावध केलं होतं, तरी ती चुकली. कारण मराठीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकार बोलण्यात बहुतेक ठिकाणी अर्थ बदलत नाही, तो शब्दातल्या जागेवरून ठरतो. अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ: फूल, मूल, तूप, वकील, गरीब. तोच शब्द पुढे सरकला की ऱ्हस्व: फुलाला, मुलाला, तुपात, वकिलाने, गरिबाला. इंग्रजीतून आलेल्या शब्दांनाही आपण हाच कायदा लावतो. बूट, पण बुटात. फूट, पण सहा फुटांचा. इंग्रजी माणसाला बूटमधला ऊ तोडणं म्हणजे शब्द बदलणं. आपण तो रोज तोडतो आणि आपल्याला जाणवतही नाही. पुण्यात ऱ्हस्व-दीर्घावरून पाटीसमोर उभं राहून वाद घालणारी माणसं आहेत, पण तो वाद लेखणीचा. ‘दिन’ आणि ‘दीन’ तीही बहुधा एकाच लांबीत म्हणतात.

फूटचं दुखणं दुहेरी आहे. इंग्रजीत पाऊल या अर्थी तो आखूड आहे, गुडसारखा. मराठीने तो मापासाठी घेतला आणि आपल्या नियमाने लांब केला. बूट इंग्रजीतच लांब होता. म्हणजे मराठीत फूट–बूट हे निर्दोष यमक आहे! मूल ते घरातूनच घेऊन येतं, आणि स्पेलिंगही ‘डबल ओ-टी’, म्हणून डोळाही दुजोरा देतो. एवढे साक्षीदार विरुद्ध बाजूला असताना एकदा सांगून फरक पडेल अशी अपेक्षा नको.

इथे एक उपाय बहुतेक जण करतात आणि तो फसतो: ‘शीप लांब म्हण, शिप आखूड म्हण.’ मुलं मग शिईईप म्हणतात. बाकावर बसून एकेक शब्द म्हणताना ते जमतं, वाक्यात आलं की जातं. कारण इंग्रजीत लांबी हा एकटा फरक नाही, आणि तो भरवशाचाही नाही. प, ट, क अशा अघोष व्यंजनापूर्वी इंग्रजी स्वर आपोआप आखडतात. सीट (आसन) मधला ई मोजला तर बिड (बोली) मधल्या इ-च्या आसपास भरू शकतो. लांबीवर कान ठेवणारं मूल इथे फसतं. खरा फरक जिभेच्या जागेचा. शिपमधला स्वर सैल आहे, ई-पेक्षा खाली, ए-कडे झुकलेला. ई म्हणता म्हणता जबडा थोडा सोडला की तो येतो. फूट (पाऊल) मधला तसाच सैल उ, ओठ फारसे पुढे नाहीत. बूटमध्ये ओठ गोल होऊन पुढे येतात. आरशात ओठ बघायला लावावेत: बूट म्हणताना चंबू, फूट म्हणताना नाही. ‘लांब-आखूड’ ऐवजी ‘घट्ट-सैल’ हे शब्द वापरले की बराच घोटाळा कमी होतो.

डबल ओ-चा एक व्यावहारिक ठोकताळा वर्गात लावून ठेवण्याजोगा आहे. पुढे ‘के’ आला तर जवळपास नेहमी सैल: बुक, लुक, कुक, हुक. पुढे एम, एन, एल असेल तर घट्ट: रूम, मून, स्कूल, पूल (तलाव). लोकर म्हणजे वुल हा त्यातला अपवाद. ‘टी’च्या आधी फूट आणि सूट (काजळी) हे दोन सैल, बाकी बूट, रूट (मूळ), शूट, हूट घट्ट. ‘डी’च्या आधी भरवसा नाही, तिथे पाठच करावं: गुड, वुड, स्टुड, हुड सैल. फूड, मूड घट्ट. ब्लड, फ्लड तिसरेच.

मराठी कानाने नुसता घात केला असंही नाही. बर्ड–वर्ड हे मुलीला जमलं ते मराठीमुळे. ‘डब्ल्यू-ओ-आर’चा आवाज वर्ड, वर्क, वर्ल्ड यांत ‘वर्’ होतो हे स्पेलिंगवरून कळणं कठीण, पण हे शब्द आपल्या बोलण्यात ऐकून आलेले आहेत आणि बरोबर आले आहेत. ‘डब्ल्यू-ए’चं तसंच: वॉच, वॉश, वॉन्टेड. चेअर, शर्ट, कप, टब, डबल हेही विश्वासू. कानाने आलेल्या शब्दांतला स्वर बहुधा खरा, फक्त ऱ्हस्व-दीर्घावर विसंबू नये. कागदावरून आलेल्यांचं मात्र खरं नाही. ओव्हन हा इंग्रजीत ‘अव्हन’ आहे, आणि हातमोजा लव्हशी जुळणारा ‘ग्लव्ह’ आहे, ग्लोव्ह नाही.

तीन आठवड्यांनंतर

कार्यक्रम रोज दहा मिनिटांचा ठेवला होता: पहिला आठवडा चित्रकार्डं आणि टाळी, दुसरा आरसा आणि घट्ट-सैल, तिसऱ्या आठवड्यात कार्डं उलटून स्पेलिंग. तिसरा आठवडा संपताना नवीन बारा शब्द दिले, जुने नाहीत, कारण जुने पाठ झालेले असतात.

कम–होम छापाच्या चुका जवळजवळ गेल्या, पपी प्रकार तर पहिल्या आठवड्यातच गेला. पेन–रेन ऐकताना सुटला, बोलताना अधूनमधून परत येतो. शिप–स्लीपचं ऐकण्यातलं वर्गीकरण जमलं, बोलणं वाक्यात अजून घसरतं. फूट–बूट तसंच आहे. मुलगी रोज घरी ‘चार फूट’ ऐकते, तेव्हा ते चौथीत सुटलं नाही तर काही बिघडत नाही. ऐकून वेगळं काढता आलं तेवढं सध्या पुरे.

उत्तरसूची मात्र त्याच आठवड्यात बदलायला हवी होती, आणि ती बदलताना एक प्रश्न आला: कोणत्या इंग्रजीने तपासायचं? मुलं मोबाइलवर अमेरिकन व्हिडिओ बघतात, शाळेची पुस्तकं ब्रिटिश वळणाची, आणि बाई भारतीय र स्पष्ट म्हणणाऱ्या. क्लार्क आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये पार्कशी जुळतो, अमेरिकेत वर्कशी. डोअर आणि सॉ (पाहिलं) ब्रिटिश कानाला जुळतात, आपल्याला नाही, कारण आपण र गिळत नाही. अक्षरांच्या गाण्यात शेवटचं अक्षर ‘झी’ म्हटलं तरच ‘मी’शी यमक बसतं. झेड म्हणणाऱ्या वर्गात ते गाणं शेवटी लंगडतं, आणि मुलं बरोबर तिथेच हसतात. ठरलं ते असं: ब्रिटिश, अमेरिकन किंवा सुशिक्षित भारतीय, यांपैकी एका उच्चारात जरी जोडी जुळत असेल तरी पूर्ण गुण. कुठेच जुळत नसेल तरच चूक, आणि चूक देताना समासात एक अक्षर: डोळ्यासाठी ‘डो’, लिपीसाठी ‘लि’, कानासाठी ‘का’. शंका आली तर शब्दकोशातला आवाज, वर्कबुकची सूची नाही. चिठ्ठीचं उत्तर म्हणून शू–टूचा गुण वाढवला. फूड–गुडचा काढून घेतला नाही, कारण ती चूक मुलीच्या आधी सूचीने केली होती.